एजंट शिकले, घर घेणारे कधी शिकणार?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी करारापूर्वी प्रशिक्षण

महोदय,

राज्यात घरांच्या व्यवहारात एजंट म्हणून काम करायचे तर आता २० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि प्रमाणपत्र मिळवावे लागते. ही अट आपण २०२३ साली घातली आणि ती योग्यच होती. गिऱ्हाइकाला प्रकल्पाची पहिली माहिती एजंटाच्या तोंडूनच कळते. कार्पेट क्षेत्रफळ कशाला म्हणतात आणि रेरा क्रमांकाचा अर्थ काय, हे निदान त्याला तरी ठाऊक असायला हवे.

आता त्याच टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे बघा. एजंट वर्षाला पाच-पन्नास व्यवहार करतो, बिल्डर शेकड्याने घरे विकतो, बँक हजारोंनी कर्जे देते. घर घेणारा मात्र बहुधा जन्मात एकदाच घर घेतो आणि त्या एका सहीवर पुढच्या वीस वर्षांचा पगार लावून मोकळा होतो. चौघांत सगळ्यात नवखा तोच, सगळ्यात जास्त पैसा अडकणार तोही त्याचाच, आणि शिकवणी नाही ती नेमकी त्यालाच.

रेरा कायद्याच्या कलम ३३(३)नुसार स्थावर संपदेसंबंधीचे कायदे आणि धोरणे यांबाबत जनजागृती करणे आणि प्रशिक्षण देणे यासाठी योग्य ती पावले उचलणे हे प्राधिकरणाचे काम आहे. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. कायद्यात आधीच लिहिलेल्या कामाची आठवण करून देते आहे, आणि ते काम केले तर कोणाचा किती फायदा आहे याचा हिशेब मांडते आहे.

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीतली माणसे सही करण्याआधी, आणि बरेचदा सही करून झाल्यावर, कागद घेऊन येतात. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : हप्ता किती बसेल? तो आकडा पगारात बसला की घर परवडले, असा सर्वसाधारण समज आहे. खरी गडबड इथूनच सुरू होते.

एक साधे उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवडमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला ६० लाखांचा फ्लॅट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे बँक जास्तीत जास्त ४८ लाख देणार. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता ४१,६५५ रुपये. कुटुंबाने १२ लाख जमवलेले असतात, हप्ता झेपतो असे वाटते, आणि टोकन दिले जाते.

मग एकेक आकडा पुढे येऊ लागतो. मुद्रांक शुल्क तिथे ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेली नसल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. एकूण साडेसात लाख. यातले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरून बँकेला कर्ज देता येत नाही. ती मुभा फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना आहे. सोसायटीची अनामत आणि आगाऊ मेंटेनन्स मी अजून धरलेलाच नाही. टोकन परत मागायची लाज वाटते, म्हणून हे साडेसात लाख पर्सनल लोनने उभे राहतात, नाहीतर बायकोचे दागिने सोनेतारणाला जातात. पर्सनल लोन १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरले तर त्याचा हप्ता होतो जवळपास १६,७००. ज्या घराचा हप्ता ४१ हजार धरून माणूस निघाला होता, ते घर पहिली पाच वर्षे महिन्याला ५८ हजारांच्या पुढे जाते.

यात कुणी फसवले म्हणावे तर तसे काहीच झालेले नाही. प्रत्येक आकडा कायदेशीर आणि जाहीर आहे. हेच गणित टोकन देण्यापूर्वी कुणी तासभर बसून समजावले असते तर त्या कुटुंबाने ५० लाखांचे घर पाहिले असते, किंवा ओसी मिळालेले घर घेऊन जीएसटीचे ३ लाख वाचवले असते, किंवा सरळ दोन वर्षे थांबले असते. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. वरच्या घरावर तेच ६० हजार होतात. ५० लाख आणि त्यावरच्या घराला विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ही दुसरी गोष्ट पुष्कळांना आयकर खात्याची नोटीस आल्यावर कळते.

कर्ज मिळाल्यानंतरचे अज्ञान आणखी महाग पडते. ४८ लाखांवर साडेआठऐवजी नऊ टक्के दर लागला तर फरक महिन्याला दीड हजारांचा दिसतो. वीस वर्षांत तो साडेतीन लाखांच्या वर जातो. तरीही बिल्डरच्या सेल्स ऑफिसात बसलेल्या बँकेच्या माणसाने पुढे केलेला पहिला फॉर्म भरला जातो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. त्याआधी ४८ लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेणाऱ्याचा हप्ता होता ३७,२१४ रुपये. दर साडेनऊ झाल्यावर मुद्दल जवळजवळ तसेच असलेल्या या कर्जाचे नुसते व्याजच ३८ हजारांच्या घरात गेले. बँकांनी बहुतेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, त्यामुळे घरात कुणाला काही कळले नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये बँकांना बजावले. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, हा नियम तर २०१२पासून आहे. दिवाळीच्या बोनसमधून दरवर्षी थोडे मुद्दल फेडले तर किती वर्षे कमी होतात, हे सातवी-आठवीच्या मुलालाही करून दाखवता येईल. करून दाखवणारे कुणी नाही, एवढेच.

आता कराराकडे येते. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीच्या दिवशी काय चालते ते आपल्याला माहीत आहेच. बिल्डरच्या वकिलाकडचा मुलगा शंभर-सव्वाशे पानांचा गठ्ठा घेऊन येतो, प्रत्येक पानावर कोपऱ्यात सही करायला बोट ठेवून दाखवतो. मग फोटो, अंगठा, पावती, आणि खाली येऊन पेढे. करारात ताबा देण्याची तारीख काय आहे, हे सही केलेल्या दहांतल्या दोघांनाही सांगता यायची नाही. खरे तर त्या एका तारखेवर रेरा कायद्याचे कलम १८ उभे आहे. ताबा लांबला तर व्याज मिळते, किंवा बाहेर पडायचे असल्यास व्याजासह पैसे परत मिळतात. आपल्या राज्याच्या नियमांत तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (निधीच्या खर्चावर आधारलेल्या कर्जदरावर) आणखी २ टक्के असा आहे. कायद्याने इतके भक्कम दिलेले असताना लोक प्री-ईएमआय, म्हणजे ताब्यापूर्वी उचललेल्या कर्जावरचे नुसते व्याज, आणि घरभाडे असे दोन्ही भरत दोन-दोन वर्षे गप्प बसतात. ३६ लाखांची उचल झालेली असेल तर साडेआठ टक्क्यांनी नुसते व्याजच महिन्याला २५,५०० होते. त्यावर १८ हजारांचे भाडे धरले तर एका वर्षाच्या विलंबाची किंमत सव्वापाच लाख.

महोदय, या सगळ्या नुकसानाची बेरीज कुठेच होत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. अमेरिकेत अशा प्रशिक्षणाचा फायदा मोजायचा तर कर्जाचे हप्ते किती थकले ते पाहतात. आपल्याकडे ते माप लागू पडत नाही, कारण आपला मध्यमवर्गीय माणूस घराचा हप्ता थकवत नाही. तो पोटाला चिमटा काढून भरतो. मुलीचा क्लास बंद होतो, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते, पीएफ काढला जातो, गावची गुंठाभर जमीन विकली जाते. बँकेच्या वहीत कर्ज चोख दिसते आणि गृहकर्जे ही सगळ्यात सुरक्षित कर्जे म्हणून गणली जातात. अज्ञानाचा भुर्दंड पूर्ण वसूल होतो, फक्त तो ताळेबंदात न दिसता स्वयंपाकघरात दिसतो. आणि जे आकड्यांत दिसत नाही त्यावर खर्च करायला कुठलेही खाते तयार नसते.

तरीही अमेरिकेचा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. तिथे १९६८च्या गृहनिर्माण कायद्यापासून सरकारी पाठबळावर गृहसल्ला केंद्रे चालतात. फ्रेडी मॅक या गृहकर्ज संस्थेने २००१ साली सुमारे ४० हजार कर्जे तपासली. खरेदीपूर्वी समोरासमोर बसून सल्ला घेतलेल्यांत हप्ते ९० दिवस थकण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होते, वर्गात शिकलेल्यांत २६ टक्क्यांनी, घरी पुस्तिका वाचून शिकलेल्यांत २१ टक्क्यांनी. फोनवरून सल्ला घेतलेल्यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे तिथल्या गृहनिर्माण खात्याने चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि मोठा प्रयोग केला, तेव्हा सरसकट असा ठळक परिणाम दिसला नाही. प्रत्यक्ष वर्गाला येणाऱ्यांची संख्याही कमी भरली. म्हणजे प्रशिक्षण ही जादूची कांडी नव्हे. ते कुणी, केव्हा आणि कसे द्यायचे यावर सगळे अवलंबून आहे.

आपल्या आजवरच्या कामाकडे या नजरेने पाहावे अशी विनंती आहे. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातींवर क्यूआर कोड आला. आदर्श करार आला, आणि त्यातली कार्पेट क्षेत्रफळ, दोष दुरुस्तीची हमी आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणे) यांसारखी कलमे बिल्डरला बदलता येत नाहीत. पार्किंगचा तपशील जोडणे आले. प्रत्येक सुधारणा मोलाची आहे. पण हे सारे कागद आणि पडदा यांच्यापुरते आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडते, त्यावरचा तिमाही प्रगती अहवाल, प्रकल्पावरच्या दाव्यांची आणि बोज्यांची माहिती, पूर्णत्वाची वाढवलेली तारीख हे वाचायला शिकवणारा माणूस त्या पडद्यात नाही. माहिती मिळाली म्हणजे ती समजली, असे धरून आपण चाललो आहोत.

इथे कुणी डोंबिवलीचे नाव काढील, आणि काढायलाच हवे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या हजारो कुटुंबांनी रेरा क्रमांक पाहिला होता, करार नोंदवला होता, पुष्कळांना बँकेने कर्जही दिले होते. त्यांना ‘तुम्ही शिकायला हवे होते’ असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, महारेराला तर अजिबात नाही. शिक्का खरा की खोटा हे तपासणे शिक्का उमटवणाऱ्याचे काम आहे. खरेदीदाराचे प्रशिक्षण हे नियामकाच्या जबाबदारीतून सुटण्याची पळवाट ठरता कामा नये. पण प्रशिक्षित गिऱ्हाईक नियामकाचाही पहारेकरी होऊ शकते. इमारतीच्या परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात खातरजमा करायची असते, एवढे पहिल्या पन्नास खरेदीदारांपैकी पाचांना जरी ठाऊक असते, तरी बनाव किती तरी आधी उघडा पडण्याची शक्यता होती.

वरळीच्या कॅम्पा कोला इमारतींची गोष्ट तर त्याहून जुनी. पाच मजल्यांची परवानगी असताना वर मजले चढत गेले, एक इमारत वीस मजल्यांपर्यंत पोहोचली. लोकांनी घरे घेतली, वर्षानुवर्षे राहिले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच ठरवले. ओसी नसलेल्या घराचा ताबा घेणे म्हणजे काय, हे त्या एका उदाहरणावर अर्ध्या तासात शिकवता येते. तसेच, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, हेही शिकवायला हवे. ‘आपल्याला रेरा लागतच नाही’ हे वाक्य बदलापुरात काय नि हडपसरात काय, कधी खरे असते आणि कधी थाप, ते ओळखता आले पाहिजे.

या खटाटोपात बाकीच्यांचा फायदा काय? बँकेला आपल्या हप्त्याशिवाय दुसऱ्या कर्जाचे ओझे नसलेला कर्जदार मिळतो. सरळ धंदा करणाऱ्या बिल्डरला बुकिंग रद्द होण्याचा त्रास कमी होतो, आणि कागद वाचणारे गिऱ्हाईक वाढले की कागद चोख ठेवण्याचा त्याचा खर्च वाया जात नाही; आज तो खर्च करणारा आणि न करणारा एकाच भावात उभे आहेत. सरकारला पुढे खटले कमी निस्तरावे लागतात. खुद्द प्राधिकरणाचा फायदा सर्वांत मोठा. आज तक्रारदाराच्या बाजूने निकाल लागला तरी वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली व्हावी लागते आणि माणूस निकाल हातात घेऊन तहसील कार्यालयाच्या खेपा घालत राहतो. जे भांडण करारापूर्वी एका प्रश्नाने टळते, ते करारानंतर सुनावणी, आदेश, अपील आणि वॉरंट एवढे लांबते.

म्हणून माझी सूचना अशी.

पहिली गोष्ट वेळेची. प्रशिक्षण फार आधी ठेवले तर कुणी येत नाही, नोंदणीनंतर ठेवले तर उपयोग नाही. योग्य जागा आहे टोकन आणि करार यांच्या मधली. कलम १३प्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्याच आदर्श वाटपपत्रानुसार पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात होत नाही. वाटपपत्राबरोबरच वर्गाची तारीख आणि ठिकाण छापून द्या, आणि तो वर्ग या १५ दिवसांच्या आतच होईल अशी सोय करा. चूक कळली तर फुकट मागे फिरता येईल, अशी ही एकच खिडकी आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. एजंटासारखे २० तास नकोत. रविवारी तीन-तीन तासांची दोन सत्रे पुरे. पहिल्यात पैसा : स्वतःचा हिस्सा, कर, कर्जाचा दर, मुदत, लवकर फेड, आणि विलंब झाला तर दोन्हीकडचा खर्च. दुसऱ्यात कागद : सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, वकिलाचा टायटल रिपोर्ट, बांधकाम परवानगी, ओसी, ताब्याची तारीख, पाच वर्षांची दोष दुरुस्तीची हमी, सोसायटीची स्थापना आणि अभिहस्तांतरण. प्रत्येकाने स्वतःच्या कराराचा मसुदा बरोबर आणायचा आणि तोच उघडून शिकायचे. भाषा मराठी, आणि गरज असेल तिथे हिंदी.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. बिल्डर, एजंट आणि कर्ज विकणारे यांपैकी कुणीही तिथे नको, प्रायोजक म्हणूनही नको. निवृत्त दुय्यम निबंधक, बँक अधिकारी, गृहनिर्माण सोसायट्यांचे जुने सचिव, विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे यांना हाताशी धरा. आपल्या सलोखा मंचात मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था बिल्डरांच्या संघटनांबरोबर बसते. तिचा अनुभव इथे आणा. जागा म्हणून सार्वजनिक वाचनालये आणि शाळांचे वर्ग रविवारी मोकळेच असतात.

चौथी गोष्ट ओढीची. नुसत्या आवाहनाने लोक येत नाहीत, हे अमेरिकेच्या प्रयोगाने दाखवले. बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात सूट देणारे सरकार, प्रशिक्षण घेतलेल्याला नोंदणी फीत थोडी सवलत देऊ शकते. बँका प्रोसेसिंग फी माफ करू शकतात; सणासुदीला करतातच. सक्ती मात्र नको. सक्ती आली की प्रमाणपत्र विकणारे दुकान महिन्याभरात उघडेल.

पाचवी गोष्ट मोजदादीची. सगळ्या राज्यात एकदम सुरू करू नका. ठाणे आणि पुणे जिल्ह्यांत एकेक तालुका घ्या, अर्ध्या प्रकल्पांच्या खरेदीदारांना वर्ग द्या, अर्ध्यांना नेहमीप्रमाणे पुस्तिका द्या, आणि दोन वर्षांनी दोघांनाही विचारा : कर्जाचा दर काय पडला, वरचे पैसे कुठून उभे केले, बुकिंग कितींनी रद्द केले, तक्रार कितींना करावी लागली. थकीत हप्त्यांच्या आकड्यात जे कधी दिसणार नाही, ते या उत्तरांत दिसेल. निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर करा. वर्गांचा उपयोग होत नाही असे निघाले तर बंद करा. तेवढ्याने प्राधिकरणाचे दिवाळे निघणार नाही.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. तोपर्यंत अभ्यासक्रमाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी महारेराच्या संकेतस्थळावर यावा, आणि पहिल्या दोन तालुक्यांची नावे जाहीर व्हावीत, एवढी मागणी करून हे पत्र संपवते. शिकवायला माणसे कमी पडणार नाहीत. माझ्यासारखे निवृत्त लोक मानधनाशिवाय येतील, आणि आपापला कॅल्क्युलेटरही घेऊन येतील.

कळावे,

आपली,
गृहकर्ज विभागातून निवृत्त झालेली एक बँक कर्मचारी